लाल फितीचं टोपण

प्रिया, तो मोबाइल पालथा ठेव. प्रथमेश, तूही. भुताची गोष्ट सांगा म्हणून संध्याकाळपासून मागे लागायचं आणि एक डोळा त्या रीलवर ठेवायचा, असं चालणार नाही. भुतालासुद्धा मान असतो. आजकाल माणसांना नाही, ते सोडा.

आणि आधीच सांगून ठेवतो, मी भूत मानत नाही. आपल्या घरात अंगारा नाही, उतारा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. नागपूर सोडून इथं लखनौला आलो, विमानाची मीटरं तपासण्याच्या नोकरीत उभी हयात गेली. जे मोजता येतं तेवढंच खरं धरायचं, ही सवय तिथलीच. तेव्हा ही गोष्ट माझी नाही. हर्षवर्धन टिकेकरची आहे. आपल्या महानगर मोहल्ल्यातल्या याच गच्चीवर, प्रथमेश, तू बसलायस त्याच खुर्चीत बसून तो मला सांगून गेला. मी सांगतो तशी ऐका. मध्येमध्ये "फिर क्या हुआ" करायचं नाही.

हर्षवर्धन तुम्हाला आठवत असेल. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एकदा माइक हातात आला की सोडायचा नाही, तो. गोमती नगरच्या एका मॉलमध्ये कार्यक्रम भरवायची नोकरी होती त्याला. फुगे, डीजे, लकी ड्रॉ. वाईट माणूस नव्हता, पण जगात जे जे आहे ते फोटो काढायला ठेवलंय अशी त्याची पक्की समजूत. मग एका बिल्डरच्या डोक्यात आलं, चिनहटच्या पुढे, फैजाबाद रोड सोडून आत, एक जुनी धावपट्टी पडून आहे, तिथं विमानांचं संग्रहालय काढू. मॅनेजर कोण? हर्षवर्धन टिकेकर.

मी विचारलं, "अरे, तुला विमानातलं काय कळतं?"

तर म्हणतो, "काका, कळायचंय काय? उभीच तर आहेत सगळी."

उभीच तर आहेत! मी एकदा बघायला गेलो आणि पुन्हा जायचं नाही असं ठरवून आलो. एका विमानाच्या पंखाखाली चाटचा ठेला. एकाच्या नाकाला डोळे आणि मिशा रंगवलेल्या, मुलांना आवडतात म्हणून. आणि शेडच्या मधोमध एक जुनं शिकाऊ विमान, ज्यात एक माणूस मेला होता. फार वर्षांपूर्वी बाराबंकीच्या बाजूला एका शेतात पडलं होतं ते. तुकडे गोळा करून, दुसऱ्या मोडक्या विमानाचे भाग लावून एक केलं, वरून चकचकीत रंग मारला. वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेचं झाकण रिव्हेट ठोकून कायमचं बंद केलं, पोरं आत शिरू नयेत म्हणून. खाली पाटी, तांत्रिक बिघाडामुळे अपघात. तांत्रिक बिघाड म्हणजे काय, सांगू? कुणातरी माणसानं केलेली चूक, फक्त त्याचं नाव न लिहिता.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. विमानाला बाहेर एक बारीक नळी असते. उडताना वारा तिच्यात शिरतो आणि आत वेगाच्या मीटरचा काटा हलतो. विमान उभं असताना त्या नळीत धूळ, किडा जाऊ नये म्हणून तिच्यावर टोपण घालतात. एवढंसं असतं, बोटभर. उडण्याआधी ते काढायला विसरलं की काटा शून्यावरच. वैमानिकाला वेग कळत नाही. वेग कमी झाला की विमान दगडासारखं खाली येतं. म्हणून टोपणाला लांब लाल फीत शिवलेली असते. फीत फडफडताना दिसली की टोपण आठवतं. आणि एक रीत आहे. खाली उभा असलेला माणूस काढलेलं टोपण फितीसकट हातात उंच धरून वैमानिकाला दाखवतो. वैमानिक बघतो, मान हलवतो, मगच विमान हलतं. दाखवलं नाही तर तो हात पुढे करून मागतो. दाखव म्हणतो.

हर्षवर्धनच्या संग्रहालयात त्याच लाल फितीचे कीचेन विकायला होते, चाटच्या ठेल्याशेजारी. त्याच्या लेखी फीत म्हणजे कीचेन.

तर गेल्या वर्षी कार्तिकात तिथं मेळावा ठेवला होता. बाहेरगावची जुनी विमानं पाहुणी म्हणून येणार, लोकांना वर फिरवणार. आलं एकच. पिवळं, जोडपंखी, दोन उघड्या बैठकांचं, आजोबांच्या वयाचं. पण काय ठेवलं होतं! चालवणाऱ्या बाई होत्या, कॅप्टन नीलम. कमी बोलणाऱ्या. सोबत त्यांचा मेकॅनिक. विमान शेडमध्ये लावलं, टोपण घातलं, मेकॅनिक गेला चौकात निहारी-कुलचा खायला, आणि असा खाल्ला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आडवाच होता.

इकडे हर्षवर्धन फोटो काढून घेत होता. मागे प्रायोजकाचा फलक, पुढे पिवळं विमान. ती फीत वाऱ्यानं नेमकी फलकावरच्या नावावर यायची. त्यानं सजावटवाल्याची कात्री घेतली आणि फीत टोपणापाशी कापून टाकली.

टोपण तसंच राहिलं, नळीच्या काठीवर. राखाडी काठीवर राखाडी टोपण. ज्याला माहीत आहे त्यालाच दिसेल असं.

आणि फीत दिली कुणाला? लेकीला, अश्लेषाला. कॉलेजात जाते, चुणचुणीत पोरगी, मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देते, तुमच्यासारखीच. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या फेरीत तीच बसणार होती. बापाच्या वशिल्यानं. "पापा, ये तो मस्त है," म्हणाली आणि जॅकेटच्या चेनला बांधली.

ती रात्र कार्तिक पौर्णिमेची. बुधवार. इकडे गोमतीवर स्नानाची गर्दी, मी विहारातून वंदना आटोपून घरी आलेलो. हर्षवर्धन जेवून हात पुसत होता तेव्हा त्याला आठवलं. कॅप्टन बाईंनी संध्याकाळी एकच काम सांगितलं होतं, दव पडायच्या आत बैठकांवर ताडपत्री टाका. शेडचं दार सकाळच्या सजावटीसाठी उघडंच ठेवलं होतं. बायको, अनघा, म्हणाली, "कुणाला तरी फोन करून सांग ना." तर नाही. सकाळी बाई सगळ्यांदेखत बोलतील, ही भीती. निघाला गाडी घेऊन. साडेदहा वाजून गेले होते.

फैजाबाद रोडला ट्रक होते, चिनहटला धाबे उघडे होते. आतल्या रस्त्याला लागला तसं सगळं मागे पडलं. दोन्हीकडे कापलेलं भाताचं रान आणि त्यावर जमिनीलगत धुकं. चंद्र एवढा स्वच्छ की दिवे बंद केले तरी रस्ता दिसावा.

फाटकाशी चौकीदार हरिहर शेकोटी पेटवून बसला होता. उठलासुद्धा नाही.

"कप्तान लोग भीतर हैं, साहब. जहाज देख रहे हैं."

हर्षवर्धनला वाटलं, बाई स्वतःच आल्या म्हणजे ताडपत्रीचं कळलं. सबब जुळवत जुळवत तो शेडकडे चालू लागला. मेन स्विच बंद होता. पण छताला मध्ये मध्ये पारदर्शक पत्रे आहेत, त्यांतून चांदणं खाली पडलं होतं. पिवळं विमान चांदण्यात उभं होतं. आणि त्याच्याभोवती कुणीतरी फिरत होतं.

बाई नव्हती. पुरुष होता. उंच. अंगात एकसंध जुना पोशाख. हर्षवर्धनला वाटलं, मेकॅनिक. बरं झालं, बाईंपेक्षा हा परवडला.

"भैया, ताडपत्री मैं डलवा रहा हूँ. आप आराम कीजिए."



तो माणूस पंखावरून तळहात फिरवत चालला होता. सावकाश. गुरांच्या बाजारात जाणता शेतकरी बैलाच्या पाठीवरून हात फिरवतो तसा. शेपटीपाशी थांबला. वाकला. पुन्हा पुढे आला. त्या विमानाच्या पंखांना कापड असतं, त्यावरून हात फिरतो तर काहीतरी खसखस व्हायला हवी... झाली नाही. पायांचा आवाज व्हायला हवा. सिमेंटची जमीन... तोही नाही.

"भैया?"

तो नळीपाशी आला. हात वर केला. टोपणाला बोटं लावली. मग ती बोटं टोपणाखाली चाचपू लागली. हवेत. जिथं फीत लोंबायला हवी होती तिथं.

चाचपत राहिली.

मग हात थांबला.

आणि तो वळला.

हर्षवर्धन मला म्हणाला, काका, चेहरा साधा होता. चारचौघांसारखा. वय माझ्याएवढंही नसेल. पण नजर... मी विचारलं, रागीट? तर म्हणाला, राग असता तर बरं झालं असतं. रागात माणसाला आपण दिसतो तरी. ती नजर तसली नव्हती. समोर कुणीतरी आहे, पण बोलायच्या लायकीचं नाही, अशी.

त्या माणसानं हात पुढे केला. तळवा वर.

"क्या... क्या चाहिए?"

काही नाही. नुसता हात.

हर्षवर्धननं काय करावं? खिशात हात घातला. पाकीट काढायला! मरणाच्या दारात उभा राहिला तरी हा माणूस चहापाणीच देईल. आणि त्या माणसानं ते पाहिलं. ओठ किंचित वाकडे केले. आणि पाठ फिरवली.

मधल्या विमानाकडे गेला. शेतात पडलं होतं त्या.

चढला... म्हणजे चढताना दिसला नाही. खाली होता. मग आत होता.

काचेचं झाकण बंदच होतं. रिव्हेट जागच्या जागी. चांदणं काचेवर पडलेलं. काचेमागे तो बसलेला. सरळ. समोर बघत.

आणि हात... तसाच. पुढे.

पाकीट तिथंच पडलं. हरिहरनं सकाळी उचलून दिलं. हर्षवर्धन घरी कसा पोचला ते त्याला आठवत नाही. अनघानं विचारलं तर म्हणाला, ॲसिडिटी. सकाळचा कार्यक्रम रद्द करावा असं मनात आलं म्हणे. पण काय सांगणार? पाहुणे येणार, प्रायोजक येणार, मालक येणार, आणि मॅनेजर सांगणार की काल रात्री मला भूत दिसलं? माणूस भुताला भितो ते खोटं आहे, पोरांनो. भितो ते लोक काय म्हणतील याला. भूत सगळ्यात शेवटी.

सकाळ झाली. शेतांवरून धुकं उठत होतं. पिवळं विमान बाहेर ओढलं. कॅप्टन बाई विमानाभोवती फेरी घालू लागल्या, तर अर्ध्यावर त्यांना गाठून हार घातला. टिळा लावला. नारळ फोडला, शिंतोडे पंखावर. प्रायोजकाच्या बायकोला बाईंच्या शेजारी उभं राहायचं होतं, मग प्रायोजकाला, मग त्याच्या साडूला. फेरी अर्धीच राहिली. बाईंनी मेकॅनिक कुठे विचारलं. तो आडवा. हर्षवर्धन म्हणाला, "मैं हूँ ना." विमानासमोर उभं राहून हात दाखवायचा, एवढंच तर. आणि त्याचा व्हिडिओही चांगला येणार होता.

अश्लेषा पुढच्या बैठकीत बसली. बाई मागे. इंजिन सुरू झालं. पंखा गरगरू लागला, गवत आडवं झालं, लोक ओरडायला लागले. सगळ्यांचे मोबाइल वर. हर्षवर्धननं समोर उभं राहून अंगठा दाखवला.

विमान हललं नाही.

बाईंनी बैठकीतून हात बाहेर काढला. पुढे केला. तळवा वर.

त्यानं पुन्हा अंगठा दाखवला.

हात तसाच. आणि वर ती नजर. तीच, कालचीच. बोलायच्या लायकीचं नाही अशी.

हर्षवर्धन त्या हाताकडे बघत राहिला. हा हात काय मागतो? काल काय मागत होता? बोटं कुठे चाचपत होती... आणि तेवढ्यात पुढच्या बैठकीतून अश्लेषानं जॅकेटची चेन ओढून बापाला ती फीत दाखवली. हसत. वाऱ्यात लाल फीत फडफडली. त्याची नजर फितीवरून नळीकडे गेली. राखाडी काठीवर राखाडी टोपण.

आता बघा. त्याला फक्त मान हलवायची होती. मालक शेजारी उभा, कॅमेरे चालू. विमान थांबवलं तर सांगावं लागणार, मी कापली. नोकरी जाणार, नाव जाणार, मंडळात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. मान हलवली तर काही नाही. कदाचित काहीच होणार नाही. बाई मुरलेल्या आहेत, वेगाच्या मीटरशिवायही उतरवतील. कदाचित.

हा विचार त्याच्या मनात आला, त्यानं स्वतः मला सांगितलं. त्या हसणाऱ्या पोरीकडे बघताना आला. त्यासाठी मी त्याला कधीच माफ करणार नाही, आणि तोही नाही करणार. पण नंतर त्यानं जे केलं तेही सांगायला हवं. दोन्ही हात पसरून तो विमानासमोर उभा राहिला. फिरत्या पंख्यासमोर. गुरासारखा ओरडत.

बाईंनी इंजिन बंद केलं. उतरल्या. नळीपाशी आल्या, बोटांनी चाचपलं, टोपण काढलं. कापलेल्या धाग्यांकडे बघितलं.

"किसने काटा?"

 

"मैंने," हर्षवर्धन म्हणाला.

बाईंनी टोपण त्याच्या तळहातावर ठेवलं. मग अश्लेषाला विचारलं, "अब भी उड़ना है?" पोरगी पांढरीफटक पडली होती, पण हो म्हणाली. बापापेक्षा बरी निघाली. दोघी उडाल्या, गोमतीपर्यंत जाऊन आल्या, सुखरूप उतरल्या. अश्लेषानं ती फीत बाईंना परत दिली, न मागता.

मालकानं हर्षवर्धनला सांगितलं, संध्याकाळी किल्ल्या देऊन जा.

संध्याकाळी तो शेडमध्ये गेला तेव्हा पोरं सजावट उतरवत होती. तो मधल्या विमानापाशी गेला. त्याच्याही नळीवर टोपण होतं, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. पडलं तेव्हा होतं की नंतर कुणी घातलं, देव जाणे. रंगवणाऱ्यांनी टोपणासकट नळीवर रंगाचे हात फिरवले होते, सगळं एकजीव झालेलं. हर्षवर्धननं नाण्यानं रंग खरवडला. नखं रक्ताळली. पोरं हसत होती, साहब सनक गए. टोपण निघालं. त्यानं ते हातात उंच धरलं आणि त्या बंद काचेला दाखवलं. आत कुणी नव्हतं. तो तसाच उभा राहिला. मग टोपण चाकापाशी ठेवलं, किल्ल्या दिल्या आणि सरळ इथं माझ्याकडे आला.

मी काय म्हणालो असेन? म्हटलं, पोटभर जेव आणि झोप. मनाचे खेळ आहेत.

पुढच्या आठवड्यात मला संग्रहालयातून फोन आला. मालकाच्या माणसाचा. "अंकल, आपने सारी उमर मीटर का काम किया है. एक काँटा अटक गया है, ज़ीरो पर ला दीजिए. पब्लिक पूछती है."

गेलो. मधलंच विमान. काचेतून पाहिलं, वेगाच्या मीटरचा काटा शून्यावर नव्हता. त्या विमानाचे आधीचे फोटो आहेत, सगळ्यांत शून्यावर आहे. मी रिव्हेट काढायला लावले. आत शिरलो. मीटर खोलून हातात घेतलं. पोरांनो, आयुष्यभर तेच केलं मी. त्या मीटरमागे काही नव्हतं. नळी कापलेली. आतलं यंत्र कधीच काढून नेलेलं. पोकळ डबा. पुढे तबकडी आणि काटा.

आणि काटा मधोमध होता. आकाशात सरळ, निवांत चाललेल्या विमानाचा असतो तिथं.

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

काटा अगदी किंचित... हलत होता. वारा लागल्यावर हलतो ना... तसा.

शेडचं दार बंद होतं.

मी मीटर होतं तसं बसवलं. पाना पेटीत ठेवला. तो माणूस म्हणाला, "क्या हुआ अंकल, नहीं हुआ?" मी म्हटलं, याला कुणी हात लावायचा नाही. तो उतरला की काटा येईल आपोआप शून्यावर.

परवा हरिहरला फोन करून विचारलं.

अजून आलेला नाही.